ठोकळ्याचे वजन

मी एक जुना प्रवासी अ‍ॅडॅप्टर आहे. रंग काळा, अंग चौकोनी, वजन भरपूर. या घरात मला ठोकळा म्हणतात. म्हणू देत बापडे. मित्रांनो, ज्यांना प्लग कोणता आणि सॉकेट कोणते हे बोट दाखवून सांगावे लागते, त्यांनी ठेवलेले नाव मी मनाला लावून घेत नाही.

आधी माझे काम समजून घ्या, कारण मला वापरणाऱ्या बहुतेकांना ते माहीत नसते. एका देशातल्या भिंतीला गोल भोके असतात, दुसऱ्या देशात चपटी, तिसरीकडे तिरकी. माणसांना एकमेकांशी जुळवून घेता येत नाही, मग त्यांच्या भिंतींना तरी कसे येणार? तुमच्या चार्जरच्या पिना परक्या भिंतीत शिरत नाहीत, तेव्हा मी मध्ये उभा राहतो. एक तोंड भिंतीकडे, दुसरे चार्जरकडे. विजेचा दाब मी कमी करत नाही आणि वाढवतही नाही. ते करणारे यंत्र वेगळे असते आणि ते माझ्याहूनही जाड असते. हे न कळलेला एक गृहस्थ मी पाहिला आहे. त्याने कमी दाबावर चालणारे केस वाळवायचे यंत्र माझ्यामार्फत जास्त दाबाच्या भिंतीला जोडले. यंत्रातून धूर निघाला, तेव्हा तो मलाच म्हणाला, "फालतू अ‍ॅडॅप्टर!" मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे आम्हाला लाडाने वाढवत नव्हते. उंचावरून फरशीवर टाकत, पिना पकडून ओढत, लालबुंद तार अंगाला टेकवून पेट घेतो का ते बघत. जे पेट घेत, त्यांचा आमच्या डोळ्यांदेखत भुगा होई. माझ्या पोटात फ्यूज बसवला होता. तो म्हणजे एक बारीक नळी. झेपणार नाही इतकी वीज आली, की ती आपण जळते आणि बाकीच्यांना वाचवते. भोकांच्या आत पडदे होते, म्हणजे एखाद्या कार्ट्याने खिळा घातला तरी तो विजेपर्यंत पोहोचू नये. अर्थिंगची पिन खरी होती, नुसती शोभेची नव्हती. या सगळ्यातून मी पास झालो. ही बढाई आहे असे तुम्हाला वाटत असेल, तर बरोबर वाटते आहे.

मग मी एका विजेच्या सामानाच्या दुकानात आलो आणि तिथे आत्या आली, म्हणजे या घरात सगळे जिला आत्या म्हणतात ती. आत्या इंजिनीअर होती. मोठमोठ्या गिरण्यांत विणकामाची यंत्रे बसवायची, बंद पडलेली चालू करायची, आणि त्यासाठी देशोदेशी हिंडायची. दुकानदाराने तिच्यापुढे रंगीत खोक्यांची रास घातली.

"मॅडम, हा घ्या, सगळ्यात स्वस्त. हा सगळ्यात जास्त खपतो. आणि हा तर बघाच, सोनेरी खोक्यात येतो."

आत्याने स्वस्तातला कानाशी धरून हलवला. आत काहीतरी खुळखुळले.

"हे काय वाजतंय?"

"नवीन आहे ना, सुरुवातीला वाजतं."

"आणि मग?"

"मग नाही वाजत."

"मग पेटतं," आत्या म्हणाली आणि तो बाजूला सारला.

सोनेरी खोके तिने पालथे करून वाचले. अँपिअरचा आकडा माझ्याइतकाच, फ्यूजही माझ्यासारखाच. जास्तीचे होते ते फक्त खोके, आणि पैसे त्याचेच लावले होते. मग तिने मला हातात घेतले. माझी एकेक पिन अंगठ्याने दाबून हलते का ते पाहिले. फ्यूजचे झाकण उघडून आत डोकावली. स्वतःचा चार्जर माझ्यात खोचला आणि मला उलटे धरले. चार्जर पडला नाही.

"ह्याला वजन आहे," ती म्हणाली.

तोवर माझे कोणी कौतुक केले नव्हते. मी हुरळलो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

पुढची बरीच वर्षे मी आत्याबरोबर फिरलो. देश बघितले असे म्हणवत नाही, कारण मी बघितल्या त्या भिंती. पलंगामागच्या, टेबलाखालच्या, एकदा तर कपाट सरकवून शोधावी लागलेली. कुठल्याही खोलीत गेली की आत्या आधी सॉकेट बघायची आणि मग खिडकी. चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचल्याशिवाय तिने मला कधी भिंतीत घातले नाही. घातले की पूर्ण आत, अर्धवट लोंबकळत नाही. थोड्या वेळाने यायची आणि तळहाताची उलटी बाजू माझ्या पाठीला लावायची. अ‍ॅडॅप्टर किंचित कोमट झाला तर चालतो, हात ठेववत नसेल तर ताबडतोब काढायचा असतो. तिचा निकाल ठरलेला असायचा.

"गार आहे."

मित्रांनो, तुम्हाला परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाल्यावर जे वाटते, ते मला रोज वाटायचे.

तिच्याबरोबर जाणाऱ्यांची मात्र कीव यायची. एका साहेबांनी मला उसने नेले आणि माझ्यावर कपड्यांची इस्त्री आणि पाणी उकळायची किटली दोन्ही एकदम लावली. माझा फ्यूज गेला, जायलाच हवा होता. साहेबांनी मला दोन बोटांत धरून परत आणले, मेलेला उंदीर आणावा तसे. "तुमचा बिघडला वाटतं," म्हणाले. आत्याने त्यांच्यासमोर नवा फ्यूज घातला आणि मला पर्समध्ये टाकून चेन लावली. त्यानंतर मी कोणाला उसना गेलो नाही.

गिरण्यांच्या खडखडाटात आत्याचे कान गेले. कानात बोळे घाला, असे ती कामगारांना दरडावून सांगायची, पण स्वतः घालायची नाही. यंत्राचा बिघाड आवाजावरून ओळखायचा असतो म्हणे. तेवढ्या बाबतीत तीही इतरांइतकीच मूर्ख. निवृत्त झाली तेव्हा तिला श्रवणयंत्रांशिवाय कोणाचे बोलणे समजत नव्हते, नुसते ढमढम ऐकू यायचे. रात्री ती यंत्रे त्यांच्या डबीत घालून चार्जिंगला लावायची, मोबाइल लावतात तशी. ती पुतण्याकडे राहायला आली, आणि मी बैठकीतल्या टेबलाच्या खणात गेलो. तिथे सुकलेली पेने, कुलपाविना किल्ल्या आणि एक घड्याळाचा पट्टा होता. अशा संगतीत मी काही वर्षे काढली.

पुतण्याला आत्या बाळ्या म्हणते, म्हणून मीही म्हणतो. बाळ्याच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत आणि तो आगीच्या विम्याच्या कंपनीत अधिकारी आहे. कोणाचे दुकान जळाले की हा तिथे जातो, राखेत काडी फिरवतो आणि चूक दुकानदाराचीच कशी, ते सिद्ध करतो. वायर जुनी होती, प्लग सैल होता, जवळ कापूस ठेवला होता. दिवसभर दुसऱ्यांचा निष्काळजीपणा शोधून हा संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याची स्वतःची अक्कल बहुधा ऑफिसातच राहिलेली असते.

बाळ्याची मुलगी चिमणी परदेशात गाणे शिकायला गेली होती. लहानपणी ती आत्यासमोर बसून गायची, आणि आत्या श्रवणयंत्रे नीट बसवून ऐकायची आणि चुका काढायची. बाकीचे घर टाळ्या वाजवायचे, त्यामुळे चिमणीला त्यांच्या मताची काही किंमत नव्हती. एके दिवशी तिचा फोन आला. मोठ्या सभागृहात ती पहिल्यांदा एकटी गाणार होती.

"आत्याआजी, तू पहिल्या रांगेत बसायचंस. बाकीचे नुसतं 'छान, छान' करतील. तू ऐकलंस तरच मी गायले असं समजेन."

"येते," आत्या म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने श्रवणयंत्रे काढून रुमालाने पुसली, परत घातली, परत काढून पुसली.

प्रवास ठरला आणि बाळ्याने नवा अ‍ॅडॅप्टर मागवला. लालभडक, पातळ, छातीवर निळा दिवा, कडेला फोन लावायची चार भोके, पिना आतबाहेर सरकणाऱ्या. खोक्यावर लिहिले होते, 'दीडशे देशांत चालतो'. बनवणाऱ्याचे नाव कुठेही नव्हते. किती अँपिअर सोसतो ते नव्हते, फ्यूजचा पत्ता नव्हता. 'सुपर' आणि 'स्मार्ट' हे शब्द मात्र सगळ्या बाजूंना होते.

"साडेचार स्टार आहेत ह्याला," बाळ्या आपल्या बायकोला, म्हणजे आत्याच्या सूनबाईंना, म्हणाला आणि लोकांनी लिहिलेली मते मोबाइलवरून वाचून दाखवू लागला. "'रंग खूप सुंदर.' 'वेळेच्या आधी आला.' 'अजून वापरला नाही, पण मस्त वाटतोय.'"

"मग हाच नेऊ या की," सूनबाई म्हणाल्या. "आपल्या बॅगेला मॅचिंग पण आहे."

घरात त्याचे नाव पडले हिरो. एक दिवस तो माझ्या शेजारी खणात होता. मी दीडशे देशांत चालतो, असे त्याने न विचारता सांगितले. त्यातले किती पाहिलेस, असे मी विचारले. एकही नाही, म्हणाला. तेवढ्यावर आमचे संभाषण आटोपले.

या घराची एक रीत आहे. प्रवासाच्या आदल्या दिवशी बाळ्या स्वयंपाकघरातला वजनकाटा जेवणाच्या टेबलावर आणतो आणि बॅगेत जाणारी प्रत्येक वस्तू तोलतो. विमानात वजन जास्त भरेल, ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जोखीम. मोजे तोलतो, कंगवे तोलतो. त्या दिवशी त्याने टूथपेस्ट अर्धी पिळून बेसिनमध्ये घालवली आणि विजयी मुद्रेने बाहेर आला. आत्याने मला खणातून काढून टेबलावर ठेवले होते. त्याने मला काट्यावर टाकले आणि दचकला.

"बापरे! आत्या, हा ठोकळा कशाला? ह्याच्या वजनात माझे दोन शर्ट बसतील."

"तो गार राहतो."

"अगं, हिरो आहे ना! पिसासारखा हलका आहे बघ."

आत्याने हिरोला हातात घेतले, कानाशी नेऊन हलवले. श्रवणयंत्रे घालूनही तिला नीट ऐकू आले नसावे. मला आले. खुळखुळले. वाद घालायचा तिला कंटाळा आला होता, कारण वाद ऐकण्यात तिची अर्धी शक्ती जायची. बाळ्याची पाठ वळल्यावर तिने मला उचलले आणि आपल्या कोटाच्या खिशात घातले. अंगावरच्या कोटाचे वजन कोणी करत नाही.

प्रवास लांबचा झाला. हॉटेलात पोहोचेपर्यंत आत्याच्या श्रवणयंत्रांचे चार्जिंग पार उतरले होते. कार्यक्रम त्याच संध्याकाळी होता. बाळ्याने हिरोला पलंगाशेजारच्या सॉकेटात घातले. हिरोच्या पिना तिथे सैल बसल्या. मग त्याने घरून आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड हिरोला जोडला. बोर्डावर आत्याच्या डबीचा चार्जर लावला, टॅब्लेट लावला आणि सूनबाईंचे केस सरळ करायचे यंत्र लावले. हिरोच्या कडेला दोन फोन लोंबू लागले. इतक्या ओझ्याने तो भिंतीतून निम्मा बाहेर आला. बाळ्याने त्याच्याखाली उशी उभी करून टेकू दिला.

मित्रांनो, याच माणसाने प्लगजवळ कापूस ठेवला म्हणून एका गादीवाल्याचा दावा फेटाळला होता. घरी तो फुशारकीने सांगत असताना मी खणातून ऐकले होते.

खोलीतली वीज दाराजवळच्या खाचेत कार्ड घातले तरच चालू राहायची. खोलीचे कार्ड एकच होते, ते बाहेर जाताना लागणार होते. बाळ्याने शक्कल लढवून खाचेत स्वतःचे ऑफिसचे ओळखपत्र खुपसले. दिवे लागले.

"आत्या, तू जरा पड," तो हातवारे करत म्हणाला. "आम्ही सभागृह बघून येतो, फुलं घेऊन येतो. तोवर तुझी मशिनं चार्ज होतील." सूनबाईंनी केसांचे यंत्र 'तापू दे, आल्यावर लगेच वापरता येईल' म्हणून चालूच ठेवले. दार लागले.

आत्या पलंगावर आडवी झाली. तिचा कोट समोरच्या खुर्चीच्या पाठीवर होता आणि मी त्याच्या खिशातून निम्मा बाहेर डोकावत होतो. थोड्या वेळाने हिरोच्या आत चरचर सुरू झाली. कढईत पाणी पडावे तसा आवाज. ज्या बाईने आयुष्यभर आवाजावरून बिघाड ओळखले, ती त्या आवाजापासून हातभर अंतरावर शांत झोपली होती. मी खिशात होतो, मला हात नव्हते आणि माणसांना ऐकू जाईल असा आवाजही नव्हता. मला भीती वाटली. कारखान्यात लाल तार टेकवली तेव्हाही इतकी वाटली नव्हती. हिरोचा निळा दिवा मात्र झोकात चमकत होता. त्याच्या लाल अंगाला फोड आला, फोड फुटला आणि उशीचा कोपरा तपकिरी झाला.

आत्याचे कान गेले होते, नाक नव्हे. ती एकदम उठून बसली. क्षणभर तिने खोली हुंगली, आणि मग या वयात मी तिला कधी पाहिले नव्हते तशा चपळाईने ती हिरोकडे नव्हे, दाराकडे धावली. खाचेतले ओळखपत्र तिने उपसून काढले. खोलीतली सगळी वीज गेली. मग तिने टॉवेल हाताला गुंडाळला, हिरोला भिंतीतून ओढून न्हाणीघराच्या फरशीवर भिरकावले आणि उशी नळाखाली धरली. तेव्हा कुठे ती स्टुलावर टेकली.

तिने डबी उघडली. श्रवणयंत्रांवरचे दिवे लाल होते. खिडकीतून दिसणारे ऊन उतरायला लागले होते. ती त्या लाल दिव्यांकडे बघत राहिली, आणि मग उठून कोटाकडे आली. तिचा हात खिशात शिरला.

मला कोणी असे कधी धरले नव्हते. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, लिहायच्या टेबलाजवळ एक सॉकेट होते. तिने तिथे मला घातले, पूर्ण आत. माझ्यात फक्त डबीचा चार्जर, दुसरे काही नाही. खाचेत ओळखपत्र परत घातले. डबीवरचा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. आत्याने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. मधूनमधून हाताची उलटी बाजू माझ्या पाठीला लावत होती.

बाळ्या आणि सूनबाई फुले घेऊन परतले तेव्हा दारातच त्यांना वास आला. बाळ्याने न्हाणीघरातला लाल गोळा पाहिला, भिंतीवरचा काळा डाग पाहिला, उशी पाहिली. सवयीने त्याचे तोंड चालू झाले.

"सैल प्लग. क्षमतेपेक्षा जास्त भार. जवळ ज्वलनशील..." इथे तो थांबला. हातातले उशीचे जळके टोक बघून त्याचा चेहरा पडला. सूनबाई त्यांच्या यंत्राकडे आणि मग आत्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

बाळ्या आत्यासमोर फरशीवर बसला. "आत्या, चुकलं माझं. दुसरा कोणी असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. तुला काही झालं असतं तर मी..." तो बराच वेळ बोलत होता. मनापासून बोलत होता, असे मलाही वाटले.

आत्याने त्याच्या ओठांकडे पाहिले. "काही ऐकू येत नाहीये रे," ती म्हणाली. "मशिनं चार्जिंगला आहेत. जे काय असेल ते रात्री जेवताना बोल." मग तिने परत हात मागे नेऊन माझ्या पाठीला लावला. "गार आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी आम्ही पहिल्या रांगेत होतो. आम्ही म्हणजे आत्या, आणि तिच्या खिशात मी. चिमणीने सुरुवात इतकी हळू केली की मागच्या रांगांना श्वास रोखावा लागला असेल. आत्या पुढे झुकली. तिचा हात खिशात आला आणि तिने मुठीत मला धरले. गाणे संपेपर्यंत ती मूठ सैल झाली नाही.

नंतर चिमणी धावत आली. सगळे 'छान, छान' म्हणत होते, ती कोणाकडे बघत नव्हती. "आत्याआजी, आलं ऐकू?"

"आलं," आत्या म्हणाली. "तिसऱ्या कडव्यात श्वास लवकर घेतलास. घाई झाली तुला."

चिमणी रडायलाच लागली.

"अगं आत्या, आज तरी चुका नको काढूस," बाळ्या म्हणाला.

"तू थांब रे बाबा," चिमणी त्याला म्हणाली आणि तिने आत्याच्या गळ्याला मिठी मारली. मी दोघींच्या मध्ये चेंगरलो. माझी तक्रार नव्हती.

तर मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल आणि प्रवासाला जाल. दुकानात गेलात तर रंगावर भाळू नका, रंग भिंतीला दिसत नाही. कोणी बनवला, किती अँपिअर सोसतो, फ्यूज आहे का, हे वाचा. लिहिलेलेच नसेल तर तो तिथेच ठेवा, फुकट दिला तरी. सोनेरी खोक्याचेही पैसे देऊ नका. हलवून ऐका, पिना दाबून बघा, हातात तोलून बघा. घेतल्यावर त्याच्यावर अख्खे घर लादू नका आणि उशीजवळ नेऊ नका. जो तुमच्यासाठी रात्रभर भिंतीला चिकटून उभा राहतो, त्याच्या पाठीवर एकदा हात ठेवा. इतके तुमच्याच्याने होईल, असे मला वाटत नाही, पण सांगायचे काम मी केले.

परतीच्या दिवशी बाळ्याने एका हातात सगळ्यात जड बॅग उचलून पाहिली आणि वजन जास्त भरते आहे, असे त्याला वाटले. त्याने आपले दोन शर्ट बाहेर काढले आणि त्या जागी मला ठेवले. चेन लावण्याआधी तो घुटमळला. आत्या बघत नाही, याची खात्री करून त्याने हाताची उलटी बाजू माझ्या पाठीला लावली.

"गार आहे," तो पुटपुटला.

भिंतीतून काढून ठेवलेला अ‍ॅडॅप्टर गारच असणार, गाढवा. पण मी गप्प राहिलो.